बाईंनी काढलेलं चित्र

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये संसार भरतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे राहतात म्हातारी माणसं, शेळ्या, आणि ज्यांच्या आईबापांनी मन घट्ट केलं ती शाळकरी लेकरं. अशाच एका गावातली ही गोष्ट आहे. गाव, शाळा आणि माणसं कल्पनेतली आहेत. त्यांच्यावर जे गुदरलं ते मात्र त्या डोंगरात घरोघरी गुदरलेलं आहे.

शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंतची. विज्ञान शिकवायला एक बाई होत्या. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा सातवीतली रुपाली दोन दिवस आली नाही. आईबाप उसाच्या फडावर, ती आजीपाशी राहायची. तिसऱ्या दिवशी आली आणि मधल्या सुट्टीत बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मही पिशवी आत्ताच काढून टाकता येती का?"

बाईंना आधी काही उमगेना. मग पोरगी रडत रडत बोलायला लागली. अंगावरून रक्त गेलं होतं. मावशीची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली, चुलतीची काढली, आजीची तर कधीच काढली होती. सगळ्यांना डॉक्टर म्हणाले होते, ठेवली तर कॅन्सर होईल. रुपालीने तेरा वर्षांच्या डोक्याने सगळा हिशोब मांडला होता. आज ना उद्या काढायचीच आहे, तर आत्ताच काढलेली बरी. दर महिन्याला शाळा बुडणार नाही, आणि मोठेपणी खाडाही बसणार नाही.

खाडा म्हणजे फडातलं एका दिवसाचं काम बुडालं की मुकादम कापून घेतो तो दंड. पाळी आली, कंबर धरली, ताप आला, तरी खाडा चुकत नाही. फडात पाणी नसतं, आडोसा नसतो, पहाटेपासून रात्री ट्रक भरेपर्यंत अंगावरचं कापड बदलायची सोय नसते. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, ओटीपोटात कळा येतात. बाई तालुक्याच्या एखाद्या खासगी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, कॅन्सरची भीती घातली जाते, आणि कित्येकदा ऐन तरुणपणीच गर्भाशय काढून मोकळं केलं जातं. 2019 साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीने या प्रकाराची चौकशी केली. पाहणीतल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यानंतर बीडमधल्या खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. हे चांगलंच झालं. पण तो आकडा वाचताना मला प्रत्येक वेळी वाटत राहतं, या तेरा-चौदा हजार बायकांपैकी किती जणींना लहानपणी कुणी गर्भाशयाचं एक साधं चित्र दाखवलं होतं? ते कुठे असतं, काय करतं, काढून टाकलं तर पुढे काय होतं, हे कुणी सांगितलं होतं?

बाईंनी रुपालीला आधी पाणी दिलं. मग खडू घेतला आणि रिकाम्या वर्गातल्या फळ्यावर चित्र काढलं. हे गर्भाशय, आपल्या मुठीएवढं. या दोन नळ्या, ही दोन अंडाशयं. दर महिन्याला आत एक मऊ अस्तर तयार होतं. मूल राहिलं तर त्याला आधार म्हणून. राहिलं नाही तर ते अस्तर रक्तावाटे बाहेर पडतं. हा आजार नाही. तुझी तब्येत ठणठणीत आहे, म्हणून हे झालं.

रुपाली बराच वेळ चित्र बघत राहिली. मग म्हणाली, "आजीला हे म्हाईत नसंल."

त्या एका वाक्याने बाईंचा निश्चय झाला. पाठ्यपुस्तकात मानवी प्रजननसंस्थेचा सविस्तर धडा येतो तो दहावीत, आणि त्या डोंगरातल्या कितीतरी मुली दहावी गाठतच नाहीत. 2019 ते 21 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या बायकांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. धडा दहावीत आणि लग्न नववीत, असा हा मामला आहे. मुलगी आई होते तेव्हाही तो धडा तिच्यापासून एक इयत्ता लांबच असतो.

बाईंनी मुख्याध्यापकांची परवानगी काढली, गावच्या आशाताईंना सोबत घेतलं आणि दर शनिवारी सातवी-आठवीसाठी एक तास सुरू केला. पहिल्या तासाला मुलांना मैदानावर पाठवलं होतं. तास संपल्यावर आठवीतला एक मुलगा दारात येऊन म्हणाला, "बाई, आम्हाला का न्हाई? आमचं बी अंग हाय की." त्याचं खरं होतं. त्या मुलांना मिसरूड फुटत होती, आवाज फाटत होता, झोपेत चड्डी ओली झाली की आपल्याला काहीतरी भयंकर रोग झाला असं वाटत होतं. त्यांचं ज्ञान दोनच ठिकाणांहून यायचं. एक, तालुक्याच्या रस्त्यावरच्या भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती. दुसरं, थोरल्या भावाच्या मोबाइलवर चोरून पाहिलेल्या फिती, ज्यांत बाईमाणसाला नाही म्हणायची मुभाच नसते. शाळेने तोंड उघडलं नाही म्हणून मुलं अज्ञानी राहतात असं नाही. ती शिकतातच, फक्त शिकवणारा दुसरा कुणीतरी असतो.

पुढच्या शनिवारपासून सगळे एकत्र बसले. काही भाग आशाताई मुलींना वेगळा सांगायच्या, काही बाई मुलांना वेगळा सांगायच्या, बाकी सगळं सगळ्यांसमोर. शरीर कसं वाढतं. पाळीत काय खावं, कापड कसं धुवावं, उन्हात का वाळवावं. मूल कसं होतं आणि कसं टाळता येतं. एचआयव्ही कशाने पसरतो, कशाने पसरत नाही. एखादीने नाही म्हटलं तर ते नाहीच असतं, आणि ती गप्प राहिली तर त्याचाही अर्थ होकार नसतो. आपल्या अंगाला कुणी नको तसा हात लावला तर तो लावणाऱ्याचा गुन्हा, आपला नाही.

कोपऱ्यात तेलाचा रिकामा डबा ठेवला होता, वर चीर पाडून. ज्याला विचारायची लाज वाटते त्याने चिठ्ठी टाकायची, नाव घालायचं नाही. आधी थट्टेच्या चिठ्ठ्या आल्या. मग खऱ्या यायला लागल्या. पाळीत लोणच्याला शिवलं तर नासतं का? मुलगी झाली तर चूक आईची असते का? माझ्या बहिणीचं लग्न ठरलंय, ती पंधराची आहे, मोडता येतं का? बाईंनी कुठलीही चिठ्ठी बाजूला टाकली नाही. लोणचं नासत नाही, हे तर त्यांनी पाळी आलेल्या दिवशी स्वतः बरणीत हात घालून केव्हाच पाहिलं होतं. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे सांगितलं तेव्हा वर्गात शांतता पसरली. त्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आयांनी त्यापायी बोलणी खाल्ली होती. लग्नाच्या चिठ्ठीवर त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 1098 लिहिलं आणि हा नंबर कुठल्याही फोनवरून फुकट लागतो एवढं सांगितलं.

एके दिवशी डब्यातून वेगळीच चिठ्ठी निघाली. अक्षर मुलाचं होतं. मागच्या हंगामात तो आईबापांबरोबर फडावर गेला होता, तिथे ट्रॅक्टरवरच्या एका माणसाने त्याच्याशी काय केलं ते दोन ओळींत लिहिलं होतं. खाली विचारलं होतं, "मी आता मुलगा राहिलो का?"

ती चिठ्ठी बाईंनी वर्गात वाचली नाही. एवढंच म्हणाल्या, की मुलांवरही असं गुदरतं, आणि ज्याच्यावर गुदरलं त्याचं त्यात काहीही जात नाही. रोज शाळा सुटल्यावर मी अर्धा तास इथेच बसून असेन. काही दिवसांनी तो मुलगा आला.

हा प्रकार कानावर घातल्यावर मुख्याध्यापक घाबरले. शाळेचं नाव खराब होईल, गावात राहणं मुश्कील होईल, म्हणाले. बाईंनी त्यांना पॉक्सो कायद्याचं 19वं कलम दाखवलं. 2012 सालच्या त्या कायद्यात मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. तक्रार गेली. मुलाचं नाव गावात कुणालाही कळलं नाही, पण शाळेतून काहीतरी पोलिसांत गेलं हे गावभर झालं.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या आणि असंतोषाला तोंड फुटलं. बाई पोरांना नको ते शिकवतेत, पोरी वाया जातील, अशी कुजबुज पाणवठ्यावरून पारावर आली. शाळा व्यवस्थापन समितीने पालकसभा बोलावली. व्हरांडा भरला, उरलेले लोक लिंबाखाली उभे राहिले.

मुकादम पहिल्यांदा बोलले. "आपली एक संस्कृती हाय. या गोष्टी आपल्यात बोलत न्हाईत. लग्न झालं की आपोआप कळतंय सगळं."

रुपालीचे वडील उठले. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. "बाई, आम्ही सा महिने घराबाहेर. म्हातारीच्या जिवावर पोरगी सोडून जातो. उद्या तिचं पाऊल वाकडं पडलं तर? म्हणून तर लोक पंधराव्या वर्षी उजवून मोकळे होतेत. तुम्ही तिला सगळं सांगितल्यावर तर अजूनच भ्या वाटाया लागलं."

बाई म्हणाल्या, "दादा, माहिती दिल्याने मुलं बिघडतात का, हे जगभर तपासून पाहिलंय. युनेस्कोने अशा कितीतरी अभ्यासांचा आढावा घेतला, 2018 मध्ये पुन्हा छापला. असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर त्या वाटेला लागतात असं कुठे दिसलं नाही. उलट ती उशिरा आणि सांभाळून वागतात. तुम्ही सहा महिने नसता, म्हणून तर तिला हे ठाऊक पाहिजे. फसवणारा माणूस आधी हेच बघतो, की हिला काय कळतं आणि ही कुणाला सांगेल."

मग निवृत्त गुरुजी काठी टेकत पुढे आले. संस्कृतीचा विषय निघाला म्हणून बोलतो, म्हणाले. हा विषय परदेशातून काल आलेला नाही. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी 1927 साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, ते मराठीत. वाचक आपल्या शरीराबद्दल, संसाराबद्दल प्रश्न विचारायचे आणि ते उत्तरं छापायचे. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 साली अशाच एका खटल्यात कर्व्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं माहीत आहे? बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लोकांनी खऱ्या अडचणीतून प्रश्न विचारला तर त्याला शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा होऊ शकत नाही, असं बाबासाहेबांनी मांडलं. खटला हरले. कर्व्यांनी दंड भरला आणि 1953 साली मरेपर्यंत अंक काढत राहिले. "बाईंचा तो डबा म्हंजी दुसरं काय हाय मग?" गुरुजींनी विचारलं.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट काढली, आणि माझ्या मते त्या सभेतली ती सगळ्यात जड गोष्ट होती. केंद्राने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला, त्यावरून 2007 साली गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. त्याच 2007 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी, 53 टक्क्यांनी, कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. छळणारे पुष्कळदा ओळखीतले, विश्वासातले होते. एकाच वर्षी आपण लेकरांचं बोलणं ऐकलं आणि त्याच वर्षी लेकरांशी बोलायचं नाही असं ठरवलं.

मागून कुणीतरी म्हणालं, आकडे शहरातले असतेत.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून रुपालीची आजी उठली. गयाबाई. आजी म्हणायचं, पण वय असेल पंचेचाळीस. चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी मूल, आणि आता कंबरेत इतकी वाकलेली की पाहणाऱ्याला साठीची वाटावी.

"शहरातलं कशाला, महंच सांगते," ती म्हणाली. पदर डोक्यावरून घट्ट घेतला. इतक्या पुरुषांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. "चोवीस वर्साची होते. पांढरं जायचं. मुकादमाकडूनच पैसे घेतले, तालुक्याला गेले. डागदर म्हणला, पिशवी सडली, ठेवली तर मरशील. मी म्हणलं, काढा. पिशवी कुठं असती, काय करती, काढल्यावर काय हुतं, मला काय बी ठाव नव्हतं. शेळीचं पोट फुगलं तर आपण ढोराच्या डागदराला धा गोष्टी इचारतो. म्या मह्या पोटाचं एक बी इचारलं न्हाई, कारण काय इचारायचं तेच म्हाईत नव्हतं. चवथ्या महिन्याला परत मोळ्या उचलल्या. तेव्हापासून हाडं ठणकतेत, अंगातून वाफा निघतेत, झोप न्हाई. ते पैसे फेडाया तीन हंगाम गेले. परवा ह्या पोरीनं वहीत चित्र काढून दावलं, की आज्जी, तुही ही वस्तू काढली. वीस वर्सांनी मला कळलं काय काढलं ते. आणि ह्या बाईनं सांगितलं, पांढऱ्या जाण्याला गोळ्या असतेत."

ती मुकादमांकडे वळली. "आपोआप कळतंय म्हणला न्हाई का तुम्ही? मला न्हाई कळलं, भाऊ."

सभेत कुणी काही बोललं नाही. मग पुरुषांमधून एक जण हात वर न करताच म्हणाला, "तास चालू राहू द्या." तो का बोलला हे तिथे बाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाचा तो बाप होता.

सगळं गाव एका दिवसात बदललं असं मी सांगणार नाही. दोन घरांनी मुलींना त्या तासाला पाठवणं बंद केलं. मुकादम शेवटपर्यंत कबूल झाले नाहीत. पण ठराव झाला. तास चालू राहील, ज्या पालकांना ऐकायचं असेल त्यांनी मागे बसावं. पुढच्या शनिवारी मागे बसायला सात-आठ बायका आल्या, आणि त्यांचे प्रश्न मुलांपेक्षा जास्त होते.

दुसऱ्या वर्षी हंगाम संपवून रुपालीची आई परतली ती ओटीपोट धरूनच. तेच पांढरं जाणं, तीच कळ. नवरा तिला तालुक्याच्या खासगी दवाखान्यात घेऊन गेला, तेव्हा आठवी पास झालेली रुपाली सोबत गेली. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवलं. पिशवी खराब आहे, काढावी लागेल, परवानगीचे कागद आपण करून घेऊ.

रुपालीने विचारलं, "कॅन्सर हाय हे कुठल्या तपासणीतून कळलं?" डॉक्टरांनी बापाकडे बघितलं. तिने पुढचा प्रश्न विचारला. "आधी गोळ्या देऊन बघितलं तर चालंल का?" आणि मग आईला म्हणाली, "माय, ऊठ. आपण सरकारी दवाखान्यात जाऊ."

उपजिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. जंतुसंसर्ग निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, नवऱ्यानेही घ्यायच्या, नाहीतर पुन्हा होईल. एरवी कुठलाही नवरा या सल्ल्यावर चिडला असता. रुपालीचे वडील शाळेत शनिवारी दोन-तीनदा मागे बसून आले होते. त्यांनी गोळ्यांची पट्टी मुकाट खिशात घातली आणि पूर्ण संपवली. महिनाभरात कळा थांबल्या. त्या बाईची पिशवी आज तिच्या पोटात आहे. रुपाली नववीला तालुक्याच्या शाळेत जाते, आणि तिच्या लग्नाची बोलणी घरात कुणी काढलेली नाहीत.

वाचकांना माझं एक सांगणं आहे. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. तुमचं मूल ज्या शाळेत आहे तिथल्या समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि हा तास आमच्या मुलांना पाहिजे असं लेखी द्या. मुलींसाठी मागा आणि मुलग्यांसाठीही मागा. दहावीची वाट पाहू नका, सहावी-सातवीपासून मागा.